आशियाई भयपटांची कीर्ती आणि तिचे वास्तव : एक ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना

चित्रपट हे आधुनिक समाजाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे, ही बाब आता इतिहासाच्या अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे मान्य केली आहे. तथापि सामाजिक चित्रपट, राष्ट्रवादी चित्रपट किंवा ऐतिहासिक चित्रपट यांचा जितक्या गांभीर्याने विचार होतो, तितका भयपटांचा होत नाही. भयपट म्हणजे क्षणभराची करमणूक असा समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात आजही आढळतो. या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाच्या अखेरीस एक लक्षणीय घटना घडली. जपान, दक्षिण कोरिया, हाँगकाँग आणि थायलंड या देशांतील भयपटांना अवघ्या सहा-सात वर्षांत जागतिक कीर्ती लाभली. भयपटांच्या क्षेत्रात आशियाने पश्चिमेला मागे टाकले, असे मत समीक्षकांपासून सामान्य प्रेक्षकांपर्यंत रूढ झाले.

ही कीर्ती कितपत सार्थ आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. प्रश्न वरवर रसिकतेचा वाटला तरी तो इतिहासाचा प्रश्न आहे. एखाद्या कलाप्रकाराची कीर्ती कोठे निर्माण होते, ती कोणाच्या सोयीची असते आणि तिच्या झोतात कोणता भूतकाळ उजळतो व कोणता अंधारात राहतो, हे तपासणे येथे अभिप्रेत आहे. आशियाई संस्कृतीचे मोल आपण अनेकदा पाश्चात्त्य मान्यतेच्या आरशात पाहून ठरवितो. आपल्या वर्गांतून चित्रपटाचा इतिहास शिकविताना हीच सवय नकळत पुढच्या पिढीकडे जाते. या दृष्टीने भयपटांचे उदाहरण बोलके आहे.

मूल्यमापनासाठी तीन कसोट्या योजिल्या आहेत. पहिली कसोटी नावीन्याची : या चित्रपटांनी भयाच्या अभिव्यक्तीत काही नवे आणले काय? दुसरी मुळांची : ते आपल्या समाजाच्या अनुभवाशी खरोखर निगडित होते काय? तिसरी सातत्याची : काही मोजक्या कृतींपलीकडे ही गुणवत्ता टिकली काय?

१. ‘आशियाई भयपट’ या संज्ञेची जडणघडण

३१ जानेवारी १९९८ रोजी हिदेओ नाकाता दिग्दर्शित ‘रिंग’ हा चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. कोजी सुझुकी यांच्या १९९१च्या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि त्याची पटकथा हिरोशी ताकाहाशी यांनी लिहिली होती. त्याच दिवशी, त्याच्या जोडीने, ‘रासेन’ हा कथेचा पुढील भागही प्रदर्शित करण्यात आला. ‘रासेन’ प्रेक्षकांनी नाकारला आणि ‘रिंग’ उचलून धरला. निर्मात्यांनी मग ‘रासेन’ बाजूला ठेवून १९९९ साली ‘रिंग २’ हा स्वतंत्र उत्तरभाग काढला. त्याच वर्षी दक्षिण कोरियात या कथेची कोरियन आवृत्तीही निघाली. म्हणजे या लाटेचा पहिला प्रवास आशियातून पश्चिमेकडे झाला नाही, तो आशियातल्या आशियात झाला.

पश्चिमेकडील प्रवासाला खरी गती आली ती २००२ साली. गोर व्हर्बिन्स्की यांनी केलेल्या ‘द रिंग’ या अमेरिकी पुनर्निर्मितीने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलरचा व्यवसाय केला. २००४ मध्ये ताकाशी शिमिझु यांनी आपल्याच ‘जु-ऑन’ची अमेरिकी आवृत्ती ‘द ग्रज’ या नावाने दिग्दर्शित केली. सुमारे १ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने १८ कोटींहून अधिक डॉलर मिळविले. हे आकडे पाहिले म्हणजे हॉलिवूडला आशियाई कथांविषयी एकाएकी वाटू लागलेल्या आस्थेचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. परक्या देशात यशस्वी ठरलेली कथा विकत घेणे हे नवी कथा लिहविण्यापेक्षा कमी जोखमीचे होते.

याच सुमारास ब्रिटनमधील टार्टन या वितरण संस्थेने ‘एशिया एक्स्ट्रीम’ या नावाखाली आशियाई चित्रपटांच्या डीव्हीडी बाजारात आणल्या. या एकाच शीर्षकाखाली ‘रिंग’सारखा संयत भयपट, ‘बॅटल रोयाल’सारखा हिंसक राजकीय रूपकपट आणि ‘ओल्डबॉय’सारखा सूडपट असे परस्परांशी फारसा संबंध नसलेले चित्रपट एकत्र आले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, परंपरा वेगळ्या, प्रकारही वेगळे. त्यांना जोडणारा धागा एवढाच की, ते ‘आशियाई’ होते आणि ‘टोकाचे’ होते. २००८ मध्ये ही संस्था बंद पडली, परंतु तिने रूढ केलेली प्रतिमा टिकून राहिली. पूर्वेकडील देश म्हणजे गूढ, अतिरेकी आणि अनाकलनीय, ही जुनी वसाहतकालीन कल्पनाच येथे नव्या वेष्टनात विकली गेली, असा आक्षेप चित्रपट अभ्यासकांनी घेतला आहे. तो बव्हंशी योग्य आहे.

मात्र ही संज्ञा केवळ पश्चिमेनेच लादली, असे म्हणणे एकांगी होईल. हाँगकाँगचे निर्माते-दिग्दर्शक पीटर चॅन यांनी २००० साली ॲप्लॉज पिक्चर्स ही संस्था स्थापन केली, ती मुळी आशियाई देशांच्या सहनिर्मितीसाठीच. २००२ सालच्या ‘थ्री’ या चित्रपटात दक्षिण कोरिया, थायलंड आणि हाँगकाँग येथील तीन दिग्दर्शकांच्या तीन कथा एकत्र गुंफल्या होत्या. त्याच वर्षीचा पँग बंधूंचा ‘द आय’ ही हाँगकाँग व सिंगापूर यांची सहनिर्मिती होती. तिचे कथानक हाँगकाँग व थायलंडमध्ये घडते आणि तिची नायिका मलेशियात जन्मलेली अभिनेत्री होती. हॉलिवूडच्या स्पर्धेत टिकण्यासाठी छोट्या बाजारपेठांनी एकत्र यावे, असा व्यावहारिक विचार यामागे होता. म्हणजे ‘आशियाई भयपट’ ही संज्ञा दोन्ही बाजूंच्या बाजारपेठांनी मिळून घडविली. ती एखाद्या प्राचीन सांस्कृतिक ऐक्यातून आपोआप उगवली नाही.

२. पूर्वपरंपरा : शुद्ध परंपरेचा भ्रम

या चित्रपटांच्या कीर्तीमागे एक गृहीतक नेहमी आढळते. पूर्वेकडील समाज अद्याप भुताखेतांवर श्रद्धा ठेवतात, म्हणून त्यांचे भयपट अधिक अस्सल असतात, असे ते गृहीतक होय. यात तथ्याचा अंश आहे. पण तो अंशच आहे.

जपानमध्ये अन्यायाने मेलेल्या व्यक्तीचा आत्मा सूड घेतो, ही समजूत फार जुनी आहे. इ. स. ९०३ मध्ये पदच्युत अवस्थेत मरण पावलेल्या सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याच्या मृत्यूनंतर राजधानीवर आलेल्या आपत्तींचा संबंध त्याच्या कोपाशी जोडण्यात आला आणि त्याला शांत करण्यासाठी देवत्व देऊन मंदिर उभारण्यात आले. १८२५ साली एदो येथे, म्हणजे आजच्या तोक्योत, त्सुरुया नानबोकु चौथा याचे ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक रंगभूमीवर आले. पतीच्या स्वार्थापायी विषाला बळी पडलेली, चेहरा विद्रूप झालेली आणि केस गळालेली ओइवा ही त्यातील स्त्री जपानी भुताची आदिप्रतिमा ठरली. पांढरे वस्त्र, मोकळे काळे केस आणि अदृश्य पाय हे तिचे रूप अठराव्या शतकातील चित्रकार मारुयामा ओक्यो याच्या नावाशी जोडलेल्या चित्रांतूनही आढळते. १९५९ मध्ये नोबुओ नाकागावा यांनी या नाटकावर काढलेला चित्रपट आजही या कथेच्या उत्तम रूपांतरांत गणला जातो. ‘रिंग’मधील सादाको आणि ‘जु-ऑन’मधील कायाको या ओइवाच्याच वंशज होत.

परंतु याच परंपरेकडे बारकाईने पाहिले तर तिच्यात अनेक परदेशी प्रवाह मिसळलेले दिसतात. मासाकी कोबायाशी यांचा ‘क्वाइदान’ (१९६४) हा जपानी भयपटांचा मानदंड मानला जातो. १९६५ मध्ये कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. त्यातील कथा लाफकादिओ हर्न याच्या संग्रहांतून घेतल्या आहेत. हर्न ग्रीसमध्ये जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला आणि जपानमध्ये स्थायिक होऊन इंग्रजीतून लिहिणारा लेखक होता. म्हणजे जपानी लोककथा एका परदेशी लेखकाच्या इंग्रजी लेखणीतून गेली आणि पुढे जपानी पडद्यावर येऊन युरोपात गौरविली गेली. शुद्ध पौर्वात्य वारसा यातून वेगळा काढून दाखविणे कठीण आहे.

‘रिंग’बाबतही असेच म्हणता येते. दूरदर्शनचा पडदा हे परलोकाचे दार ही कल्पना अमेरिकेच्या ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) आणि कॅनडाच्या ‘व्हिडिओड्रोम’ (१९८३) या चित्रपटांत आधीच आली होती. संयत, सूचक भयाची मिरासदारीही केवळ आशियाकडे नव्हती. १९६१चा ब्रिटिश चित्रपट ‘द इनोसंट्स’ हा त्याचा उत्कृष्ट नमुना आहे. ज्या काळात आशियाई लाट उसळली त्याच काळात ‘द सिक्स्थ सेन्स’ (१९९९) आणि ‘द अदर्स’ (२००१) हे चित्रपटही रक्तपाताविना प्रेक्षकांना घाबरवीत होते. उलट, ताकाशी मिइके यांच्या ‘ऑडिशन’ (१९९९) किंवा ‘इची द किलर’ (२००१) या जपानी चित्रपटांतील हिंसा कोणत्याही अमेरिकी चित्रपटाला लाजविणारी आहे. ‘पश्चिमेचा रक्तपात आणि पूर्वेची सूचकता’ ही विभागणी म्हणूनच टिकत नाही.

३. ‘रिंग’चे खरे नावीन्य

मग या चित्रपटांत नवे ते काय? याचे उत्तर ‘रिंग’च्या शेवटात सापडते. पत्रकार असलेली रेइको ही घटस्फोटित माता एका शापित चित्रफितीचा शोध घेते. ती फीत पाहणारा सात दिवसांत मरतो. शोधाअंती तिला विहिरीत ढकलून मारलेल्या सादाकोचे अवशेष सापडतात. कोणत्याही पारंपरिक भूतकथेत येथे कथा संपते. अस्थी सापडल्या, अन्यायाला वाचा फुटली, आत्मा शांत झाला. मिचिझानेच्या काळापासून चालत आलेला हा नियम आहे आणि तो आपल्याकडील भूतकथांनाही अपरिचित नाही.

‘रिंग’ हा नियम मोडतो. अवशेष सापडूनही सादाको शांत होत नाही. ती विहिरीतून बाहेर येते, दूरदर्शनच्या काचेतून खोलीत उतरते आणि रेइकोच्या माजी पतीला मारते. रेइको वाचलेली असते ती केवळ तिने फितीची प्रत काढून दुसऱ्यास दाखविली म्हणून. न्याय, विधी, करुणा यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही; उपयोगी पडते ते केवळ संक्रमण. शेवटी मुलाला वाचविण्यासाठी ती ही फीत आपल्या वृद्ध पित्याला दाखविण्यास निघते. चित्रपटातील सर्वांत भयंकर क्षण हाच म्हणावा लागेल. तेथे भूत नाही. एक आई आहे, एक मोटार आहे आणि एक मोकळा रस्ता आहे.

हे लक्षात घेतले म्हणजे ‘रिंग’ची थोरवी परंपरा जपण्यात नसून परंपरा निकामी ठरल्याची जाणीव व्यक्त करण्यात आहे, असे दिसून येते. मूळ कादंबरीत शोध घेणारे पात्र पुरुष होते. चित्रपटात त्याची जागा एकट्या मातेने घेतली, हा बदलही अर्थपूर्ण आहे. १९९०च्या दशकात जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला होता. १९९५च्या जानेवारीत कोबेचा भूकंप झाला आणि त्याच वर्षी २० मार्च रोजी ओम शिनरिक्यो या पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. या घटनांचा आणि चित्रपटांचा थेट कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही. तरीही घर, कुटुंब, शेजार आणि यंत्र या रोजच्या आधारांवरील विश्वास ढळल्याची जाणीव या काळातील चित्रपटांत सर्वत्र दिसते. नाकाता यांच्या ‘डार्क वॉटर’मध्ये (२००२) मुलीचा ताबा मिळविण्यासाठी झगडणारी माता ओल झिरपणाऱ्या सदनिकेत राहते. ‘जु-ऑन’मध्ये पतीने पत्नीचा खून केलेले उपनगरातील साधे घरच शापित होते. कियोशी कुरोसावा यांच्या ‘काइरो’मध्ये (२००१) इंटरनेटच्या पडद्यामागून मृतात्मे येतात आणि जिवंत माणसे एकाकीपणाने विरून जातात. पडक्या वाड्यातील भूत आता बैठकीच्या खोलीत आले होते.

तंत्राच्या बाबतीतही काही गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. सादाकोची ती विचित्र चाल अभिनेत्रीला उलट्या दिशेने चालवून आणि ते चित्रण उलट फिरवून साधली आहे. त्यासाठी फारसा खर्च आला नाही. या चळवळीची पाळेमुळे कमी खर्चाच्या, थेट व्हिडिओसाठी काढलेल्या चित्रपटांत होती. ‘जु-ऑन’चे पहिले दोन भाग २००० साली याच मार्गाने आले. साधनांच्या मर्यादेमुळे भूत पूर्णपणे न दाखविणे, ते चौकटीच्या कडेला स्तब्ध उभे करणे, पार्श्वसंगीत गाळून शांतता वापरणे, हे उपाय निघाले. काटकसरीतून निर्माण झालेली ही शैली पुढे जगभर अनुकरणीय ठरली. पहिल्या कसोटीवर, म्हणजे नावीन्याच्या बाबतीत, या मोजक्या चित्रपटांची कीर्ती निश्चितच सार्थ ठरते.

४. समाजाशी असलेले नाते

दुसरी कसोटी मुळांची. येथे दक्षिण कोरिया व थायलंड यांची उदाहरणे उपयुक्त ठरतात. १९९८ साली दक्षिण कोरियात ‘व्हिस्परिंग कॉरिडॉर्स’ हा मुलींच्या शाळेत घडणारा भयपट आला. विद्यार्थिनींना मारहाण करणारे, गुणांवरून त्यांची तुलना करणारे शिक्षक आणि परीक्षेच्या दडपणाखाली तुटणारी मैत्री यांचे त्यातील चित्रण भुतापेक्षा अधिक अस्वस्थ करते. त्याला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आणि २०२१पर्यंत या मालिकेत एकूण सहा चित्रपट निघाले. शिक्षकी पेशातील वाचकांनी हा चित्रपट भयपट म्हणून नव्हे, तर शिक्षणव्यवस्थेवरील टीका म्हणूनही पाहण्यासारखा आहे. किम जी-वून यांचा ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ (२००३) हा ‘जांगह्वा आणि होंगर्योन’ या सावत्र आईच्या छळाच्या लोककथेवर आधारित आहे. ही कथा कोरियात १९२४पासून अनेकदा पडद्यावर आली होती. किम यांनी ती अपराधभाव आणि स्मृतिभ्रंश यांची कथा म्हणून नव्याने मांडली.

थायलंडमध्ये मे नाक ही बाळंतपणात मेलेली स्त्री सर्वांच्या परिचयाची आहे. पती युद्धावर असताना ती मरते. तो परत येतो तेव्हा ती व तिचे मूल त्याच्यासोबत नेहमीप्रमाणे संसार करू लागतात आणि त्याला काहीच कळत नाही. बँकॉकच्या वाट महाबुत या विहारात तिचे देवस्थान असून तेथे लोक आजही नवस बोलतात. १९९९चा ‘नांग नाक’ आणि २०१३चा विनोदी अंगाचा ‘पी माक’ हे या कथेवरील दोन्ही चित्रपट थायलंडमध्ये प्रचंड चालले.

बाळंतपणातील मृत्यू हा धागा येथे महत्त्वाचा आहे. मलय प्रदेशातील पोंतियानाक, इंडोनेशियातील कुंतिलानाक, जपानमधील उबुमे, उत्तर भारतातील चुडैल आणि आपल्याकडील अळवंतीण या साऱ्यांचा संबंध गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या वेळी मेलेल्या स्त्रीशी आहे. ही समानता कोणत्याही गूढ पौर्वात्य मनोवृत्तीतून आलेली नाही. प्रसूती हा स्त्रीच्या जिवावरचा प्रसंग असलेल्या समाजांचा तो समान अनुभव आहे. ज्या मृत्यूंची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, त्यांची नोंद भूतकथांनी ठेवली, असे म्हणता येईल. भयपट इतिहासाचे साधन ठरतो तो या अर्थाने.

५. कीर्तीची दुसरी बाजू

तिसरी कसोटी सातत्याची आणि येथे मात्र चित्र बदलते. मोकळ्या केसांची पांढऱ्या वस्त्रातील मुलगी, शापित यंत्र, अपुरा राहिलेला सूड आणि शेवटच्या क्षणी मिळणारी कलाटणी हा साचा २००२नंतर झपाट्याने झिजला. मिइके यांच्या ‘वन मिस्ड कॉल’मध्ये चित्रफितीच्या जागी भ्रमणध्वनी आला, ‘शटर’मध्ये (२००४) छायाचित्र आले. ‘शटर’ हा बांजोंग पिसांथनाकुन व पार्कपूम वाँगपूम यांचा थाई चित्रपट गुणवान आहे. पुरुषाच्या जुन्या अपराधाचे ओझे अक्षरशः त्याच्या मानेवर बसते, ही त्यातील अखेरची प्रतिमा विसरता येत नाही. पण त्याच्या मागोमाग आलेल्या बहुसंख्य चित्रपटांविषयी असे म्हणता येत नाही. २००८च्या पहिल्या तीन महिन्यांतच ‘वन मिस्ड कॉल’, ‘द आय’ आणि ‘शटर’ या तिघांच्या अमेरिकी आवृत्त्या प्रदर्शित झाल्या आणि समीक्षकांनी तिन्हींचा कठोर समाचार घेतला. जपानमध्येही २०१६ साली सादाको व कायाको यांची झुंज दाखविणारा चित्रपट निघाला. जी प्रतिमा एकेकाळी झोप उडवीत होती, ती आता स्वतःचेच विडंबन करू लागली होती.

आणखी एक आक्षेप स्त्रीप्रतिमेविषयीचा आहे. या चित्रपटांतील भुते बहुतांशी अत्याचारित स्त्रियांची आहेत, म्हणून ते स्त्रीच्या बाजूने बोलतात, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. सादाकोच्या आईचे पात्र मिफुने चिझुको या खऱ्या स्त्रीच्या कहाणीची आठवण करून देते. तिच्या कथित अतींद्रिय शक्तीचे प्रयोग १९१०मध्ये तोक्यो इंपीरियल विद्यापीठातील फुकुराई तोमोकिची या मानसशास्त्रज्ञाने केले. तिच्यावर फसवणुकीचा आरोप झाला आणि १९११मध्ये तिने आत्महत्या केली. विद्वानांच्या कुतूहलाची आणि वृत्तपत्रांच्या टीकेची बळी ठरलेली ही स्त्री चित्रपटात मात्र मुख्यतः भीतीचे उगमस्थान म्हणून उरते. अन्यायाची दखल घ्यायची आणि लगेच अन्यायग्रस्तेलाच राक्षसी रूप द्यायचे, ही द्विधा या प्रकारात सतत जाणवते. चांगले चित्रपट ही द्विधा उघडी करतात. सामान्य चित्रपट तिचा केवळ लाभ घेतात.

६. कीर्तीच्या नकाशाबाहेरचा आशिया

‘आशियाई भयपट’ म्हटले की पूर्व आशियातील दोन-तीन देश आणि थायलंड एवढाच प्रदेश डोळ्यांपुढे येतो. या मर्यादित नकाशामुळे जे वगळले गेले त्याचा विचार केल्याखेरीज मूल्यमापन पूर्ण होणार नाही.

१९५७ साली सिंगापूरमध्ये निघालेल्या ‘पोंतियानाक’ या मलय चित्रपटाने त्या भागात भयपटांची मोठी लाट निर्माण केली. त्याचे दिग्दर्शक बी. एन. राव हे भारतीय होते. त्या काळी सिंगापूरच्या चित्रपटसंस्थांत अनेक भारतीय दिग्दर्शक काम करीत असत. आशियातील भयपटांच्या देवाणघेवाणीत भारताचा वाटा इतका जुना आहे, पण प्रचलित इतिहासात त्याला क्वचितच स्थान मिळते. इंडोनेशियाचा ‘पेंगाब्दी सेतान’ (१९८०) जगाला प्रामुख्याने ठाऊक झाला तो २०१७मध्ये जोको अन्वर यांनी त्याची नवी आवृत्ती काढल्यानंतर.

भारतात ‘महल’ (१९४९) हा बाँबे टॉकीजचा आणि कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट सूचक भयाच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक होय. पुढे रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) ते ‘वीराना’ (१९८८) अशी अल्पखर्ची भयपटांची परंपरा चालविली. फाझिल यांच्या ‘मणिचित्रताळु’ (१९९३) या मल्याळम चित्रपटाची कन्नड, तमिळ व हिंदी रूपांतरे झाली. ही संख्या ‘रिंग’च्या रूपांतरांशी तुलना करण्याजोगी आहे, तरीही ‘आशियाई लाटे’च्या चर्चेत त्याचे नाव येत नाही. उलट आपल्या चित्रपटसृष्टीने ‘द आय’वरून ‘नैना’ (२००५), ‘शटर’वरून तमिळ ‘सिवी’ (२००७) आणि हिंदी ‘क्लिक’ (२०१०) असे चित्रपट काढले. घरातील ठेव्याकडे पाठ फिरवून बाहेरची कीर्ती उसनी घेण्याचा हा प्रकार होता.

याला अपवाद ठरलेली दोन उदाहरणे महाराष्ट्राशी संबंधित आहेत. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटात गरोदर स्त्री उसाच्या शेताने वेढलेल्या एकाकी घरात येते. तेथील भुतांचा संबंध स्त्रीभ्रूणहत्येशी आहे. २०२१मध्ये त्याची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ निघाली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) कोकणातील पाऊस, पडका वाडा आणि ब्राह्मण कुटुंबातील धनलोभ यांतून भयाचे स्वतंत्र विश्व उभे केले. त्याची प्रेरणा नारायण धारप यांच्या कथालेखनाशी निगडित आहे. व्हेनिस येथील समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला. भारतातील पहिल्या प्रदर्शनात त्याला माफक यश मिळाले; २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर मात्र त्याने मूळच्या उत्पन्नालाही मागे टाकले. धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठीत भयकथेची सकस परंपरा निर्माण केली असतानाही तिच्याकडे आपल्या अभ्यासक्रमांनी कितपत लक्ष दिले, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

७. लाटेनंतर

२००८च्या सुमारास ओसरलेली लाट म्हणजे आशियाई भयपटाचा अंत नव्हे. २०१६ मध्ये दक्षिण कोरियात ना होंग-जिन यांचा ‘द वेलिंग’ आणि येओन सांग-हो यांचा ‘ट्रेन टू बुसान’ हे चित्रपट आले. दुसऱ्या चित्रपटाला एकट्या कोरियात १ कोटी १० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. २०२४ मध्ये जांग जे-ह्यून यांच्या ‘पाम्यो’नेही इतकाच पल्ला गाठला. शापित थडगे उकरताना त्यातून जपानी वसाहतवादी राजवटीचा भूतकाळ बाहेर येतो, अशी त्याची कल्पना आहे. या चित्रपटांचे यश आधी मायदेशी सिद्ध झाले, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांत ‘रिंग’च्या साच्याचा मागमूसही नाही. कीर्तीच्या ओझ्यातून मुक्त झाल्यावरच हा प्रकार पुन्हा सर्जनशील झाला, असे दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

आशियाई भयपटांची कीर्ती मुख्यतः १९९८ ते २००४ या काळातील सुमारे डझनभर चित्रपटांवर उभी आहे. त्या चित्रपटांपुरती ती सार्थ आहे. मात्र ती ज्या कारणांसाठी दिली जाते ती कारणे चुकीची आहेत. या चित्रपटांचे सामर्थ्य पौर्वात्य गूढतेत किंवा टोकाच्या हिंसेत नाही. मोडलेले कुटुंब, एकाकी शहर, निष्ठुर शाळा आणि सर्वव्यापी यंत्रे यांच्या अनुभवाला त्यांनी जुन्या भूतप्रतिमेतून दिलेल्या नव्या रूपात ते आहे. नावीन्य आणि मुळे या दोन कसोट्यांवर ते उतरतात. सातत्याच्या कसोटीवर ही लाट, एक लाट म्हणून, उतरत नाही.

त्याचबरोबर ‘आशियाई’ हे विशेषण बाजारपेठेच्या सोयीने घडलेले असल्यामुळे त्याने भारत, इंडोनेशिया, मलय प्रदेश यांचा इतिहास झाकला. इतिहासाच्या अध्यापकांनी हे विशेषण तयार माल म्हणून स्वीकारू नये. आपल्या भाषेतील भयकथा, बाळंतिणींच्या भुतांविषयीच्या समजुती, रामसे बंधूंचे अल्पखर्ची चित्रपट आणि ‘लपाछपी’सारखी अलीकडची निर्मिती हे सारे सामाजिक इतिहासाचे पुरावे आहेत. बाहेरून मान्यता मिळण्याची वाट न पाहता ते गोळा करणे, त्यांची चिकित्सा करणे आणि वर्गात त्यांना स्थान देणे हे काम आपल्यालाच करावयाचे आहे. एखादा समाज कशाला भितो हे समजले, तर तो कोणावर अन्याय करून विसरला आहे हेही पुष्कळदा समजते.